जुन्या ट्रकला ब्रेकचे पार्ट घेताय? या चुका टाळा

दसऱ्याच्या सुमाराला कराडात स्पेअर पार्टच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला, पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्या बाहेर निघालेल्या, आणि काउंटरवर एकच वाक्य: "सोळा तेराचे मागचे लायनर द्या." सोळा तेरा म्हणजे टाटाचा १६१३ ट्रक, आणि लायनर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारी पट्टी. मीही एकदा असंच म्हणालो होतो. मिस्त्रीनं चाक उतरवलं, जुन्यावर नवा लायनर ठेवला, तर रुंदीत बोटभर फरक. दुकानदारानं बरोबरच माल दिला होता. आधीच्या मालकानं कधीतरी मागचं हौसिंग, म्हणजे मागच्या ॲक्सलचा सांगाडा, भंगारातून आणून बसवलं होतं, तेही दुसऱ्याच मॉडेलचं. आरसी बुकात एक गाडी आणि चाकांवर दुसरी!

म्हणून पहिली चूक हीच, मॉडेल सांगून माल मागणं. वीस वर्षं चाललेल्या गाडीत कुणी काय बदललंय ते आरसीला ठाऊक नसतं. जुना लायनर पिशवीत घालून न्या. रुंदी, जाडी, रिव्हेटच्या भोकांची संख्या आणि त्यांची मांडणी काउंटरवरच जुळवा.

ड्रम न मोजता लायनर घेणं ही दुसरी चूक, आणि सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. ड्रमला चर पडले की आपण तो लेथवर टर्निंगला टाकतो. एका बाजूनं दोन मिलिमीटर निघाले तर व्यास चारनं वाढतो. अशा मोठ्या झालेल्या ड्रमात साधा लायनर फक्त मध्यावर टेकतो, दोन्ही टोकं मोकळी राहतात. ब्रेक लागतो, पण गाडी पुढं जाऊन थांबते, आणि आपण लायनरच्या कंपनीला शिव्या घालतो. अशा वेळी ओव्हरसाइज, म्हणजे जास्त जाडीचा लायनर लागतो. उलट, नव्या ड्रमात ओव्हरसाइज घातला तर तो टोकांवरच घासतो आणि ब्रेक झटक्यानं पकडतो. ड्रमवर व्यासाची शेवटची मर्यादा बहुधा ओतलेली असते, गंज खरवडला की दिसते. ती ओलांडली की ड्रम भंगारात. वरवरच्या केसासारख्या रेषा चालतात, पण आरपार तडा गेलेला ड्रम वेल्डिंग करून देणारा भेटला तर त्याच्याकडं पुन्हा जाऊ नका. तापलेल्या ड्रमवर घाटाच्या पायथ्याला बादली ओतणारेही असतात. बिडाचा ड्रम तडकणार नाही तर काय होणार?

लायनरच्या कडेला कधी कधी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, एफएफ किंवा जीजी अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. घर्षणाच्या गुणांकात ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.४५ पर्यंत, जी ०.५५ पर्यंत. पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला किंवा पाटणहून कुंभार्ली उतरून चिपळूणला जाणाऱ्यानं दुसरं अक्षर आधी बघावं. डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना एकाच पेटीतला माल घाला. एका बाजूचा लायनर "अजून चालेल" म्हणून ठेवला की गाडी ओढणारच.

बूस्टरचं, म्हणजे हवेच्या दाबानं चाकाचा ब्रेक ढकलणाऱ्या डब्याचं, तसंच आहे. त्यावरचा २४ किंवा ३० हा आकडा म्हणजे आतल्या रबरी पडद्याचं (डायफ्रॅमचं) चौरस इंचातलं क्षेत्रफळ. तेवढ्याच हवेत ३० चा बूस्टर २४ पेक्षा सव्वापट जोर लावतो. डावीकडं एक आणि उजवीकडं दुसरा बसवलेली गाडी मी पाहिली आहे. ड्रायव्हर स्टिअरिंगला दोष देत होता. बूस्टरचा जोर ब्रेकच्या कॅमपर्यंत नेणारा दांडा, म्हणजे स्लॅक ॲडजस्टर घेताना आतले दाते मोजा, दांड्याची लांबी जुळवा. हवा गेली की स्प्रिंगनं लागणाऱ्या ब्रेकचा, म्हणजे स्प्रिंग ब्रेकचा बूस्टर मात्र घरी उघडू नका. आत दाबून बसवलेली स्प्रिंग माणूस मारू शकते, आधी ती दाबून धरणारा केजिंग बोल्ट लावावाच लागतो.

टाटा ४०७ सारख्या ऑइल ब्रेकच्या गाडीत वेगळा घोळ होतो. ब्रेक ऑइलच्या जागी हाताला लागेल ते तेल ओततात, सिलिंडरचे वॉशर फुगतात आणि ब्रेक सुटेनासा होतो. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरडं असताना २०५ अंशांपुढं उकळतं, ओल धरल्यावर १४० अंशांनाच. उघडा पडलेला जुना डबा वापरू नका, एवढं पुरे.

पार्ट घ्यायच्या आधी दोष कुठं आहे ते बघा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, पण टेकवू नका. एकच जास्त तापलाय? तिथं ब्रेक सुटत नाही. रिटर्न स्प्रिंग ढिली पडली असेल किंवा कॅमचा बुश अडकला असेल. एकच गार असेल तर ते चाक कामच करत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडं ओढत असेल तर आधी उजवं चाक उघडा. हबचं सील गळून लायनर ग्रीसनं माखलेला मला तिथं किती वेळा सापडलाय. सील बदला आणि लायनरही. रॉकेलनं धुऊन पुन्हा बसवायचा मोह होतो, पण आत मुरलेलं ग्रीस पहिल्या उतारावर बाहेर येतं. ड्रममधली धूळ कंप्रेसरच्या हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा.

आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, लागतं, त्या तारखेपुरते ब्रेक करून घेणारे पुष्कळ. मी पासिंग झाल्यावर महिन्यानं पुन्हा ड्रम मोजतो. सध्याचे व्यास, लायनरची रुंदी आणि बूस्टरचे आकडे मी केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला पेंटनं लिहून ठेवलेत. पेट्रोल पंपावर नवा क्लीनर विचारत होता, "मालक, हे फोन नंबर कुणाचे?"