अवरक्त दीर्घिकांचा वर्णपट वाचताना या चुका टाळा

आर्प २२० ही दीर्घिका अवरक्त प्रकाशात सूर्याच्या एक लाख कोटींहून जास्त पट तेजस्वी आहे. ताऱ्यांचा प्रकाश धूळ शोषते आणि अवरक्तात परत सोडते, म्हणून त्या तेजावरून तिथे दरवर्षी साधारण २०० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे जन्मतात असं निघतं. एच-अल्फा या हायड्रोजनच्या लाल रेषेवरून काढलेला दर मात्र त्याच्या जवळपासही जात नाही. मग विद्यार्थी तीन दिवस फ्लक्स कॅलिब्रेशन (मोजलेल्या तेजाचं प्रमाणीकरण) उकरत बसतो. ते सोडा. एच-अल्फा आणि एच-बीटा (हायड्रोजनची निळसर रेषा) यांच्या तेजाचं गुणोत्तर धूळ नसेल तर २.८६ येतं. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, म्हणून ते वाढलं की त्यावरून आपण धुळीची दुरुस्ती करतो, पण ती दुरुस्ती आपल्यापर्यंत पोचलेल्या प्रकाशापुरतीच. गाभ्यातून काहीच बाहेर आलं नाही, तर दुरुस्त काय करणार?

खरी गफलत होते ती एच-बीटात. ताऱ्यांच्या स्वतःच्या वर्णपटात याच जागी शोषण रेषा असते आणि ती उत्सर्जनाचा तुकडा गिळते. समजा एच-बीटाची समतुल्य रुंदी (पार्श्वभूमीच्या प्रकाशाच्या तुलनेत रेषेची ताकद) खरी ५ अँगस्ट्रॉम आहे आणि शोषणामुळे तुम्हाला ३ दिसली. गुणोत्तर ५.२ ऐवजी ८.७ होतं. धुळीच्या दुरुस्तीचा कॅल्झेटीचा नियम लावला तर एच-अल्फाला ४.८ ऐवजी जवळजवळ १८ ने गुणावं लागतं, म्हणजे दर जवळपास चौपट फुगला! म्हणून आधी ताऱ्यांचा वर्णपट फिट करून वजा करा, मगच रेषा मोजा. उलट गुणोत्तर २.८६ च्या बरंच खाली आलं, तर शोषणाची दुरुस्ती जास्त झाली का ते बघा.

एच-अल्फाच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजनच्या रेषा चिकटलेल्या असतात. कमी विभेदनात त्यांचा एकच डोंगर दिसतो. तीन गाउसियन (घंटेच्या आकाराचे वक्र) एकत्र फिट करा आणि नायट्रोजनच्या दोघींचं प्रमाण १ : ३ बांधून ठेवा. शिवाय रेडशिफ्ट (दीर्घिका दूर जात असल्याने तरंगलांबीत होणारी वाढ) ०.०४७ च्या आसपास असेल, तर एच-अल्फा नेमकी ६८७० अँगस्ट्रॉमजवळच्या वातावरणीय ऑक्सिजनच्या पट्ट्यात जाऊन बसते. हे निरीक्षणाच्या रात्रीनंतर नव्हे, प्रस्ताव लिहितानाच बघा.

पुण्याजवळच्या गिरवलीच्या किंवा लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणीवर दीर्घिका क्षितिजाकडे कललेली असताना स्लिट (वर्णपटमापकाची फट) पॅरालॅक्टिक कोनात, म्हणजे क्षितिजाला काटकोनात, ठेवायला विसरलात, तर निळा प्रकाश स्लिटबाहेर सांडतो, आणि नंतर ती सांडलवंड धूळ म्हणून मोजली जाते.

आणि वायू कशामुळे चमकतो ते रेषांच्या गुणोत्तरांवरून दाखवणाऱ्या बीपीटी आलेखात बिंदू मधल्या पट्टीत, म्हणजे ताऱ्यांचा आणि कृष्णविवराचा भाग यांच्या मध्ये, पडला तर सगळा एच-अल्फा ताऱ्यांच्या नावावर मांडू नका. आर्प २२० मध्येच आघाती तरंगांनी तापलेला वायूही चमकतो.