पोंगा दिसला की आधी चिरून बघा

आमची भातशेती गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. शरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, लावणी उरकली की मी रोज सकाळी मेरेवरून (बांधावरून) एक फेरी मारते. चुडात, म्हणजे भाताच्या एका झुपक्यात, एखादा फुटवा कांद्याच्या पातीसारखा गोल, पोकळ आणि चंदेरी झालेला दिसला की समजायचं, गादमाशी ही भातावरची कीड आली. अशा फुटव्याला आम्ही पोंगा म्हणतो. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. दुकानातून खोडकिड्याचं औषध आणून दोनदा फवारलं, तरी पोंगे वाढतच गेले.

दोघांतला फरक हाताला कळतो. खोडकिड्याने मधली सुरळी सुकते आणि ओढली की सहज उपटून येते. गादमाशीचा पोंगा मात्र ताजा, नळीसारखा असतो. तो बुडापासून काढा आणि ब्लेडने उभा चिरा. तळाशी तांदळाच्या कणीएवढी पांढुरकी किंवा तांबूस अळी दिसेल. थोड्या दिवसांनी चिरलात तर तांबूस कोष सापडेल. त्याला बारीक काटे असतात, त्यांच्या आधाराने तो नळीतून वर सरकतो आणि शेंड्याजवळ भोक पाडतो. त्या भोकात पातळ पापुद्रा अडकलेला असेल तर माशी उडून गेली. आता तिथे काही फवारून उपयोग नाही.

माशी डासाएवढी, मादी तांबूस पोटाची. संध्याकाळी ओसरीवरच्या दिव्याला येते, तेव्हापासूनच सावध व्हावं. ती पानावर अंडी घालते, 3-4 दिवसांत अळ्या निघतात. ही अळी खोड पोखरत नाही. दव-पावसाच्या ओलीवरून घसरत ती पानाच्या आवरणाआड शिरते आणि कोंबाशी पोचते. तिथे ती खाऊ लागली की पानाचं आवरणच लांब वाढून नळी होते. त्या फुटव्याला लोंबी धरत नाही. अळीला ओल लागते म्हणूनच ढगाळ, दमट दिवसांत ही कीड फोफावते, आणि ती आवरणाआड असते म्हणूनच पानावरची फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही.

मग करायचं काय? खरं काम लावणीच्या आधीचं. मेरेवरचं गवत आणि देवभात (रानटी भात) काढून टाका, कारण भात नसताना माशी त्यांच्यावर तग धरते. लावणी मागे पडू देऊ नका. उशिरा लावलेल्या कुणग्यात (भाताच्या वाफ्यात) मला दरवर्षी जास्त पोंगे मिळतात. युरिया एकदम न टाकता तीन हप्त्यांत द्या, नाहीतर लुसलुशीत फुटव्यांवर कीड तुटून पडते.

लावणीनंतर दर आठवड्याला कुणग्याच्या वेगवेगळ्या जागचे 20 चूड तपासा. सगळे फुटवे मोजा, पोंगे मोजा. शंभरात 5 पोंगे झाले की झोनल कृषी कार्यालयात विचारून दाणेदार औषध टाका, आणि टाकताना कुणग्यात थोडं पाणी असू द्या.

पण औषधाआधी दहा-बारा पोंगे तरी चिराच. कधीकधी अळी फुगून निश्चल पडलेली असते आणि तिच्या कातडीआड बारीक बारीक कोष दाटीने भरलेले दिसतात. ती इवल्या गांधीलमाशीची पिल्लं आहेत, त्यांनी अळीला आतून संपवलेलं असतं. मला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा सासूबाईंना हाक मारून दाखवलं. चिरलेल्या पोंग्यांत निम्म्याहून जास्त अळ्या अशा असतील तर मी औषध आणत नाही. उरलेले पोंगे शेतातच ठेवते, म्हणजे त्या गांधीलमाश्या तिथेच बाहेर पडतात.