मराठवाड्याच्या उन्हात सावलीचं झाड कसं जगवावं

मिरगात लावलेलं रोप पोळ्यापर्यंत सगळ्यांचंच हिरवंगार दिसतं. ते जगलं की नाही हे बघायचं पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा. म्हणून इथं लावण्याबद्दल थोडं आणि पहिले दोन उन्हाळे पार करून देण्याबद्दल जास्त सांगतोय.

कोणतं झाड

आधी एकच बघा: चैत्र-वैशाखात त्या झाडावर पानं असतात का? गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाची डहाळी आणतो, ती कोवळ्या पानांची आणि मोहोराची असते. म्हणजे ऊन चढायला लागतं तेव्हा निंब नव्या पानांनी भरलेला असतो. करंजाची जुनी पानं झडतात न झडतात तोच चकचकीत पालवी फुटते. वड-पिंपळाचंही तसंच. पळस मात्र होळीला फुलांनी पेटलेला असतो, पण पान शोधून सापडत नाही. पळस, पांगारा, बहावा जरूर लावा, पण बांधावर, डोळ्यांच्या सुखासाठी, सावलीसाठी नको. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. एप्रिलात त्याचा खराटा होतो आणि वादळात फांद्या मोडून पडतात. घरापुढं तो लावू नये, असंच माझं मत आहे.

अंगणात निंब किंवा करंज लावा. मोकाट शेळ्यांचं गाव असेल तर करंजच, कारण त्याला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. ओढ्याकाठी, ओल टिकते तिथं जांभूळ. वड-पिंपळाला गायरान किंवा देवळाची मोकळी जागा हवी, घरापासून निदान ४०-५० फूट लांब. चिंच मूळची आफ्रिकेची, पण शेकडो वर्षांपासून इथलीच झालेली. वाढते सावकाश, सावली मात्र पिढ्यान्‌पिढ्या देते.

झाड घराच्या पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला, भिंतीपासून १५-२० फुटांवर लावा. दुपारी तीननंतरचं ऊन त्याच बाजूची भिंत तापवतं. काळ्या जमिनीत यापेक्षा जवळ नको; मुळं पायाखालची ओल ओढतात, माती आकसते आणि भिंतीला चीर जाते. वर विजेची तार नाही ना, तेही बघून घ्या.

रोप

सामाजिक वनीकरणाच्या किंवा खासगी रोपवाटिकेत उंच रोपाच्या मोहात पडू नका. अडीच-तीन फूट उंच, करंगळीएवढ्या जाड खोडाचं रोप चांगलं लागतं. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाच्या मुळांचं बुडाशी वेटोळं झालेलं असतं. ते तसंच पुरलं तर मुळं जमिनीतही गोल फिरत राहतात. धारदार ब्लेडनं तेवढं वेटोळं कापून टाका.

निंब तर बियांपासूनच लावावा. जूनमध्ये पिकलेल्या निंबोळ्या गोळा करा, गर धुऊन काढा आणि आठवड्याभरात पेरा. ठेवून दिल्या तर उगवत नाहीत. जागेवरच पेरलेल्या निंबाचं सोटमूळ सरळ खाली जातं. वडाची मनगटाएवढी जाड, पाच-सहा फुटांची फांदी मिरगात रोवली तरी फुटते.

खड्डा

एप्रिल-मेमध्ये दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा आणि पाऊस येईपर्यंत उन्हात तापू द्या. भरताना निघालेल्या मातीत दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. कच्चं शेण घालू नका, वाळवी लागते.

पुढचं जमिनीप्रमाणे बदलतं. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून रोप वीतभर उंचवट्यावर लावा. खड्ड्याच्या कडा कुदळीनं गुळगुळीत झाल्या असतील तर खरवडून घ्या. मुरमाड जमिनीत उलटं करा: रोप वीतभर खोलगट लावा आणि खड्ड्यात निम्मा तळ्यातला गाळ भरा, नाहीतर घातलेलं पाणी सरळ खाली निघून जातं.

दोन चांगले पाऊस झाले, खड्ड्यातली माती बसली की मगच लागवड. पिशवी पूर्ण काढा. बांबूला सुतळीनं आठच्या आकड्यासारखं, सैल बांधा. तार कधीच नको, ती सालीत रुतते.

पाणी

मी लावलेला पहिला निंब मार्चमध्ये वाळला. रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालायचो. शेजारचे तात्या बघायचे. एकदा म्हणाले, "बाबा, रोज तांब्या तांब्या घालून आळशी करायलास तू त्याला." तेव्हा कळलं नाही. रोप उपटलं तेव्हा मुळं वरच्या चार बोटांतच जाळं करून बसलेली होती. शिवाय खोडापासून वीतभर अंतरावर जमिनीला भेग पडली होती. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला आणि आतून गरम वाफ लागली. तुटलेली मुळं भेगेच्या दोन्ही कडांना केसांसारखी लोंबत होती.

तेव्हापासून पाणी क्वचित देतो, पण भरपूर. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर दर दहा दिवसांनी १५-२० लिटर. मार्च ते जून काळ्या जमिनीत पाचव्या दिवशी, मुरमाडात तिसऱ्या दिवशी, तेवढंच. आळं खोडापासून हातभर लांब गोल करा, खोडाला पाणी लागू देऊ नका. दुसऱ्या उन्हाळ्यात आळं दुप्पट रुंद आणि पाळी १०-१५ दिवसांची, दर वेळी दोन घागरी जास्त.

संक्रांतीच्या सुमारास खुरप्यानं वरची माती भुसभुशीत करून भेगा बुजवा. त्यावर सोयाबीनची गुळी, उसाचं पाचट किंवा पालापाचोळा चार बोटं जाड अंथरा, खोडापासून थोडा दूर. काळ्या जमिनीत हे एक काम चुकलं तर पाण्याचा उपयोग होत नाही.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तसं वर्ष पुन्हा आलं तर मडकं लावा. पाच-सहा लिटरचं, रंग न दिलेलं मातीचं मडकं रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं आणि झाकायचं. ते पाझरत राहतं आणि मुळं त्याच्याभोवती गोळा होतात. साबणाचं पाणी त्यात नको.

राखण

बाभळीच्या फांद्यांचं नाहीतर तुराट्यांचं कुंपण छातीएवढं उंच करा. खालच्या फांद्या दोन वर्षं छाटू नका, त्यांच्यामुळंच खोड जाड होतं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर दर वर्षी थोड्या थोड्या काढत सात-आठ फुटांपर्यंत खोड मोकळं करा. शेंडे दोन फुटले असतील तर सरळ असेल तो ठेवा.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी एकदम तोडू नका. महिन्यातून एकदा द्या आणि सकाळी पानं बघा. दुपारी माना टाकलेली पानं सकाळी ताठ झालेली असली तर मुळं खाली ओलीपर्यंत पोचली आहेत. सकाळीही मलूल दिसली तर ते एक वर्ष आणखी पाणी चालू ठेवा.