एबीएसचा दिवा आणि ‘लो व्होल्टेज’चा कोड : मॉड्यूल बदलण्याआधी काय तपासावं

डॅशबोर्डवर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा पेटला, स्कॅनर लावला, ‘व्होल्टेज कमी’ असा बिघाडाचा कोड निघाला, की पुष्कळ ठिकाणी लगेच निकाल मिळतो : मॉड्यूल गेलं. ब्रेकच्या नळ्या ज्यात जातात तो अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, त्याची पंप मोटर आणि कंट्रोल युनिट मिळून हे मॉड्यूल होतं, आणि ते गाडीतल्या महागड्या भागांपैकी एक आहे. वास्तविक या कोडमधून मॉड्यूल एवढंच सांगत असतं की माझ्यापर्यंत पुरेसा व्होल्टेज पोचत नाही. तो कुठे अडतोय हे साध्या डिजिटल मल्टीमीटरने आणि एका जुन्या हेडलाइटच्या बल्बने घरच्या घरी शोधता येतं.

सुरुवातीला एक सावधगिरी. नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक चालतात, फक्त जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. अंतर ठेवून, हळू चालवा. पिवळ्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला, हँडब्रेक सोडलेला आहे आणि ब्रेक ऑइलची पातळी ठीक आहे, तर पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणीही बंद पडलेली असू शकते. मग मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरण्याची भीती असते. अशी गाडी रस्त्यावर काढू नका. आणि ज्या हायब्रिड गाड्यांचे ब्रेक विजेवर चालतात, त्यांच्या ब्रेकच्या कनेक्टरला घरी हात लावू नका.

दिवा कधी लागतो ते आधी बघा

हे फुकटचं निदान आहे आणि बहुतेक जण ते सोडून देतात. सकाळच्या पहिल्या सेल्फला दिवा लागत असेल तर संशय बॅटरीवर. रात्री हेडलाइट, एसी आणि वायपर एकदम चालू असताना लागत असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनित्र) किंवा त्याचा बेल्ट. खड्ड्यात आदळल्यावर लागत असेल तर कुठेतरी सैल जोड. गाडी निघाल्यावर थोडा वेग घेताच लागत असेल तर जास्त लक्ष द्या : बऱ्याच गाड्यांत एबीएस त्या वेळी पंप मोटर क्षणभर फिरवून स्वतःची चाचणी घेतं, बॉनेटखालून बारीकसा ‘घुर्र’ आवाजही येतो. मोटर करंट ओढते आणि कच्च्या वायरीचा दोष तिथे उघडा पडतो. मात्र चाकाच्या सेन्सरचा बिघाडही याच वेगाला दिसतो, म्हणून कोड वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कोड नीट वाचा

मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे कोड दाखवतात. एबीएसमध्ये शिरणारा स्कॅनर हवा. तो नसेल तर गॅरेजमधून पूर्ण रिपोर्ट काढून घ्या. टोयोटात हा कोड सी१२४१ असतो, ह्युंदाई-कियात सी११०२, आणि काही कंपन्या यू३००३ वापरतात. व्होल्टेज साधारण साडेनऊ-दहाच्या खाली काही सेकंद राहिला की मॉड्यूल काम थांबवून कोड साठवतं. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो.

आता दोन गोष्टी पाहा. कमी व्होल्टेजचाच कोड पॉवर स्टीअरिंग, एअरबॅग अशा इतर युनिटमध्येही आहे का? असेल तर दोष सगळ्यांच्या सामाईक ठिकाणी, म्हणजे बॅटरी, अल्टरनेटर किंवा मुख्य अर्थमध्ये (बॅटरीचा निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडणारी वायर). एकट्या एबीएसमध्ये असेल तर एबीएसच्याच वायरी, फ्यूज आणि अर्थ. दुसरी गोष्ट म्हणजे लाइव्ह डेटा. इंजिन चालू ठेवून एबीएसला दिसणारा व्होल्टेज वाचा आणि त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावा. बॅटरीवर १४.१ आणि एबीएसला १३.२ दिसत असेल तर वाटेत जवळजवळ एक व्होल्ट गळतोय. या एका तुलनेने अर्धं काम होतं.

बॅटरी आणि चार्जिंग

गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी बॉनेट उघडून मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, १२ च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा आणि मगच पुढची तपासणी करा. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघा. आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी थकलेली आहे, उभ्या गाडीवर ती कितीही चांगला आकडा दाखवो. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असलेल्या गाडीत कुणी साधी बॅटरी बसवली असेल, तर हा त्रास ठरलेलाच. तिथे कंपनीने सांगितलेल्या प्रकारचीच बॅटरी लागते.

इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. नव्या गाड्यांतलं चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे कधी पावणेतेराच दिसतं. लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नका. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावा आणि इंजिन थोडं रेस करा. तरीही आकडा तेराच्या वर चढत नसेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर तपासून घ्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, पॉलिश पेपरने घासा, बसवताना पॉझिटिव्ह आधी, आणि वरून पातळ व्हॅसलिन. टर्मिनल हाताने फिरतं का बघा. फिरलं तर ते सैल आहे.

खरी परीक्षा लोडवर

इथे सगळ्यात जास्त चूक होते. फ्यूजवर किंवा कनेक्टरवर मीटर लावलं, १२.५ दिसलं, की ‘सप्लाय ओके’ म्हणून मोकळं व्हायचं. पण मल्टीमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वीस तारांपैकी एकच शिल्लक राहिलेली वायरही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. हिशोब करा : गंजलेल्या जोडात फक्त ०.१ ओहम रोध आहे. मीटरच्या स्वतःच्या वायरींतच तेवढा रोध असतो, म्हणून ओहमवर तो सापडत नाही. मात्र ५ अ‍ॅम्पिअर वाहिले की तिथे अर्धा व्होल्ट जातो आणि पंप मोटरने ३० ओढले तर तीन व्होल्ट. बॅटरीवर साडेबारा असताना मॉड्यूलला साडेनऊ मिळतात आणि कोड येतो.

एबीएसला साधारणपणे बॅटरीकडून दोन जाड वायरी येतात, एक पंपाची आणि एक व्हॉल्व्हची, दोन्हीवर २५ ते ४० अ‍ॅम्पिअरचे फ्यूज. चावी फिरवल्यावर येणारी एक बारीक वायर असते आणि एक किंवा दोन जाड अर्थ. रंग आणि पिन क्रमांक तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजाने नको.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. एबीएसच्या कनेक्टरचं लॉक उचलून कनेक्टर बाहेर काढा आणि आत टॉर्च मारून बघा : हिरवी पूड, पाणी, काळी पडलेली पिन. मग निगेटिव्ह परत जोडा. ६०/५५ वॅटच्या हेडलाइट बल्बला दोन वायरी लावून तो पंपाच्या पिन आणि अर्थच्या पिनमध्ये जोडा. तो सुमारे ५ अ‍ॅम्पिअर ओढतो. मीटरची जाड टोकं पिनच्या खोबणीत कोंबू नका; खोबणी पसरते आणि नवाच सैल जोड तयार होतो. मापाची पिन किंवा तेवढ्याच जाडीची तार वापरा.

बल्ब पेटलेला असताना दोन मापं घ्या. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरं कनेक्टरच्या सप्लाय पिनवर. मग बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि कनेक्टरची अर्थ पिन. दोन्हीकडे ०.२ व्होल्टच्या आत हवं. निरोगी वायरीत त्याच्याही बरंच खाली येतं. व्हॉल्व्हच्या वायरीवर तेच पुन्हा करा. चावीच्या बारीक वायरीवर मात्र हा बल्ब लावू नका, छोटा फ्यूज उडेल. तिथे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पुरतो. बाकीच्या, म्हणजे सेन्सरच्या आणि डेटाच्या पिनांना बल्ब कधीच लावायचा नाही.

माप जास्त आलं तर मीटरचं टोक टप्प्याटप्प्याने मागे सरकवा : फ्यूजच्या या बाजूला, त्या बाजूला, बॅटरीच्या लगवर (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा). ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम बदलतो, दोष तिथेच. फ्यूज दिसायला चांगला असून त्याचा खाचा उष्णतेने तपकिरी झालेला असणं नेहमीचं आहे. अशा वेळी नुसता फ्यूज बदलून भागत नाही.

आपल्याकडे मात्र माझा पहिला संशय अर्थवर असतो. कोकणात आणि गोव्यात खारी हवा, वरून चार महिने पाऊस. बॉडीवर बोल्ट मारलेली लग वरून ठीक दिसते आणि खाली गंजाचा थर असतो. १० नंबरचा पाना घेऊन बोल्ट काढा, पत्रा आणि लग दोन्ही चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. नंतर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बघा. आणि बाहेरून बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर, हॉर्न, फॉगलाइट यांची वायर एबीएसच्या फ्यूजमधून किंवा अर्थमधून घेतलेली नाही ना, हेही. असली जोडणी दिसली तर काढूनच टाका. इन्सुलेशन टेपने गुंडाळलेला जोड या वायरींवर ठेवू नये. क्रिंप (जोड दाबून पक्का) किंवा सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

दुरुस्तीनंतर

निगेटिव्ह काढून कनेक्टर बसवा, लॉक पूर्ण बसल्याचा ‘टक’ ऐका, बॅटरी जोडा. कोड पुसा, कनेक्टर काढलेला असताना इतर युनिटमध्ये आलेलेही. मोकळ्या रस्त्यावर ताशी २५-३० पर्यंत वेग घ्या आणि चाचणीचा ‘घुर्र’ होऊनही दिवा लागत नाही ना ते पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या सेल्फनंतर पुन्हा स्कॅन करा.

लोडवर सगळ्या वायरी चांगल्या, बॅटरी-चार्जिंग चांगलं, तरी कोड लगेच परत येतो आणि लाइव्ह डेटात एबीएसचा व्होल्टेज कनेक्टरवर मोजलेल्यापेक्षा कमी दिसतो, तर आता मॉड्यूलवर बोट ठेवायला हरकत नाही. तरी विचारून घ्या : अनेकदा फक्त इलेक्ट्रॉनिक भाग दुरुस्त होतो आणि ब्रेकच्या नळ्या उघडाव्या लागत नाहीत. पूर्ण युनिट बदलायचंच ठरलं तर स्कॅनरने कोडिंग (नवं युनिट गाडीशी जुळवणं) आणि ब्रेकमधली हवा काढणं, ही दोन्ही कामं बिलात लिहून घ्या.