भटकंतीतला शेंगेन व्हिसा मुंबईतूनच काढा

थायलंड-व्हिएतनाममध्ये फिरता फिरता पुढे युरोप गाठायचा असतो, पण आशियातल्या त्या देशांत तुम्ही पर्यटक, रहिवासी नव्हे. त्यामुळे शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज तिथे सहसा घेत नाहीत.

१. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. मुंबई सोडण्यापूर्वी किंवा मधल्या घरच्या फेरीत तो उरकाच.
२. निर्णयाला साधारण १५ दिवस, क्वचित ४५. तोवर पासपोर्ट हाती नसतो, पुढची तिकिटं काढू नका.
३. बँक स्टेटमेंटवर शाखेचा शिक्का घ्या. विमा किमान ३०,००० युरोचा.

पासपोर्टची कोरी पानं आधी मोजा, २ लागतातच. सतत फिरणाऱ्यांची शिक्क्यांनी भराभर संपतात. नूतनीकरणावेळी ६० पानी मागा.