वळवाच्या आधी गुलाबावर कात्री

आमच्या घरात सिकेटर, म्हणजे छाटणीच्या कात्र्या, दोन. एक द्राक्षबागेचा, तो आमच्या मालकांचा. दुसरा लाल मुठीचा, माझा. त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. हा नियम पाच वर्षांपूर्वी झाला. त्या एप्रिलमध्ये बागेची खरड छाटणी उरकून येता येता मालकांनी परसातल्या माझ्या चाळीस गुलाबांचीही खरड छाटणी करून टाकली. काडीवर एकेक डोळा, म्हणजे फुटीचा कोंब, ठेवून! म्हणाले, "बघ आता कशी जोरात फुटतील." वेल फुटतो तसा गुलाब फुटत नाही, हे तासगावच्या बागायतदाराला कोण सांगणार? उघड्या पडलेल्या काड्या मेच्या उन्हानं एका अंगानं काळ्या पडल्या, नऊ झाडं वाळून गेली. वाचलेल्यांना मेअखेरीस लालचुटूक कोवळी फूट आली आणि नेमका त्याच आठवड्यात वळीव पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नुसते देठ. पानं रातोरात हुमणीच्या, म्हणजे मातीतल्या मुळं खाणाऱ्या अळीच्या, भुंगेऱ्यांनी खाल्ली होती.

तेव्हापासून मी उन्हाळी छाटणीची तारीख ऊन बघून नाही, भुंगेरे बघून धरते. एप्रिलचा तिसरा आठवडा. म्हणजे आलेली फूट वळवापर्यंत थोडी निबर होते. तो आठवडा चुकला तर सरळ जूनअखेरपर्यंत थांबायचं. वळवाचा पहिला पाऊस पडला की माझी कात्री खुंटीला.

खरी जोरकस छाटणी ऑक्टोबरची. उन्हाळ्यात नुसती हजामत करायची, झाडाचा चौथा हिस्सासुद्धा काढायचा नाही. पानांची सावली काड्यांवर राहिलीच पाहिजे. आदल्या संध्याकाळी झाडांना भरपूर पाणी द्या आणि सकाळी नऊच्या आत काम आटपा. आधी वाळलेल्या काड्या काढायच्या. काडी कापल्यावर आतला गर बघा. तपकिरी असला तर मर अजून खाली आहे, पांढरा गर लागेपर्यंत बोटबोटभर खाली जात राहा. मग सुकलेली फुलं. नुसतं फूल खुडू नका, खाली उतरत पाच पानांची पहिली दांडी गाठा आणि तिच्या बगलेतला डोळा झाडाच्या बाहेरच्या बाजूला बघतोय ना, ते पाहा. त्या डोळ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर, किंचित तिरका काप. डोळा आत बघत असेल तर एक पान आणखी खाली. आत वाढलेल्या फांद्यांनी झाडाची जाळी होते आणि पावसाळ्यात तिथंच काळे ठिपके सुरू होतात.

कलमाच्या सांध्याखालून आलेली फूट कात्रीनं कापू नका, कापली की दुप्पट येते. माती बाजूला करून मुळाशी धरून ओढून काढा. आमच्या जाऊबाईंनी अशी फूट "किती जोमदार आहे गं" म्हणून दोन वर्षं जपली. वरचं ग्लॅडिएटर जातीचं कलम मेलं आणि आता त्यांच्या दारात खुंटाच्या, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या खालच्या झाडाच्या, काट्यांचं झुडूप उभं आहे.

पेन्सिलीपेक्षा जाड कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशी रोखणारा लेप, लावायची. द्राक्षवाल्यांच्या घरी ती असतेच. नसेल तर १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात भिजवून एकत्र करा. लोखंडी खिळा त्यात बुडवून बघा. खिळ्यावर तांब्याचा रंग चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. लावायला जुना दात घासायचा ब्रश पुरे. पेस्ट मातीत सांडू देऊ नका, त्याचं कारण पुढं येतंय.

आता भुंगेरे. जमिनीत तयार होऊन ते पावसाची वाट बघत बसलेले असतात. पहिला चांगला वळीव झाला की संध्याकाळी सातच्या सुमारास बाहेर पडतात आणि आधी कडुनिंब, बाभूळ, बोर गाठतात. तांबूस तपकिरी, चिंचोक्याहून जरा मोठे. रात्रभर पानं खायची आणि उजाडायच्या आत परत मातीत. म्हणून दिवसा कितीही शोधलं तरी चोर सापडत नाही. एक खूण मात्र सांगते. पानाच्या कडेला कंपासनं काढावा तसा स्वच्छ अर्धगोल काप दिसला तर तो भुंगेरा नव्हे, पानं कापणारी मधमाशी. ती घरट्यासाठी तुकडा नेते, तिच्या वाटेला जाऊ नका. भुंगेरा ओबडधोबड कुरतडतो.

आमच्या गुलाबांच्या डोक्यावरच कडुनिंब आहे. आधी वाटायचं तोडावा, आता तोच माझा सापळा आहे. पावसाच्या संध्याकाळी साडेसातला त्याच्याखाली जुनी ताडपत्री अंथरायची आणि आकडीच्या काठीनं फांद्या झटकायच्या. टपटप गारा पडल्यासारखा आवाज होतो. पडलेले भुंगेरे थोडा वेळ पाय आखडून पडून राहतात, तेवढ्यात गोळा करून बादलीत टाकायचे. पूर्वी बादलीत पाण्यावर रॉकेल ओतायचो. आता रॉकेल मिळेना, कपड्यांच्या पावडरीचं दाट पाणीही चालतं. नातवंडांना बादलीमागं दहा रुपये लावलेत. पहिल्या वर्षी मोठा नातू मोजायला बसला आणि तीनशेनंतर कंटाळला. दिवा लावून खाली पाण्याचं घमेलं ठेवलं तरी येतात, पण दिवा नऊला बंद करा. नाहीतर रात्रभर चांगले किडेही मरतात. हे सलग पंधरा-वीस दिवस करायचं आणि गल्लीतल्या सगळ्यांनी करायचं. शेजारच्या निंबावरचे भुंगेरे तुमचं कुंपण बघून थांबत नाहीत.

मादी मातीत अंडी घालते आणि कच्चं शेण तिला फार आवडतं. म्हणून मे-जूनमध्ये गुलाबाला ताजं शेणखत अजिबात नको. कुजलेलं असलं तरी पसरून, उन्हात घालून, कोंबड्यांना तासभर त्यावर सोडून मग वापरा. पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या दिसल्या तर कोंबड्याच काम करतात. हीच हुमणी पुढं मुळं खाते. भरपूर पाणी असून झाड सुकत असेल आणि हलक्या हातानं उपटून आलं तर खाली तीच समजा. मी झाडामागं ओंजळभर निंबोळी पेंड देते. पहिल्या पावसानंतर मेटॅरायझियमची पावडर पाकिटावरच्या मापानं ओलसर शेणखतात मिसळून मुळाशी चाळवते. मेटॅरायझियम म्हणजे हुमणीला रोग लावणारी बुरशी, आणि बोर्डो बुरशीचाच काळ. पेस्ट मातीत सांडू नका म्हटलं ते यासाठी.

उन्हाळ्यात आळ्यावर उसाचं पाचट तीन बोटं जाड घालते. वळीव झाला की ते ओढून बाजूला करते आणि खुरप्यानं माती हलवते. साळुंक्या आणि बगळे मागंमागं असतातच.

इतकं झालं की झाडं जुलैपर्यंत तशीच राहू द्या. पुढची हलकी कात्री मी ऋषिपंचमीच्या ४५ दिवस आधी, उलटी मोजून लावते. त्या दिवशी गावात गणपतीचा रथ निघतो, आणि मागच्या खेपेला मालकांनीच सकाळी टोपली धरून विचारलं, "किती निघतील?" शंभरावर निघाली. सिकेटर मात्र अजून दिलेला नाही.