निम्म्या किमतीची गाडी, पुऱ्या किमतीचे पार्ट: जुनी लक्झरी कार घेताना या चुका टाळा

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "भो, दिल्लीची गाडी मिळून राहिली. नवी साठ लाखांची होती, चौदाला देतोय. घेऊ का?" फोन करणारा विचारत नसतो, सांगत असतो. टोकन आधीच गेलेलं असतं आणि माझ्याकडून त्याला फक्त 'घे' एवढंच ऐकायचं असतं. जळगाव-धुळ्याकडच्या लोकांना जुन्या गाड्या बघून द्यायचं काम मी करतो. दरवर्षी त्याच त्या चुका बघून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली चूक हिशेबाची. साठ लाखांची गाडी चौदाला मिळाली तरी तिची ब्रेक डिस्क, तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स हे साठ लाखांच्या गाडीचेच असतात. गाडीचा भाव पडतो, पार्टांचा पडत नाही. कुणी बजेट चौदा सांगितलं तर मी अकराची गाडी शोधायला लावतो. उरलेले तीन पहिल्या वर्षात लागतातच. हे ऐकून अर्धे लोक नाराज होतात आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारतात.

याच जातीचा एक गैरसमज: "ऑडी तर आपल्या शेंद्र्यात बनते, पार्ट काय महाग असणार?" शेंद्र्यात, चाकणला किंवा चेन्नईला या गाड्यांची जुळणी होते. इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक्स यांचा बराच भाग बाहेरून येतो. अजिंठ्याचा घाट चढला की कारखाना लागतो म्हणून सेन्सर स्वस्त होत नाही.

आता माझी सगळ्यात नावडती चूक: गरम गाडी बघणे. तुम्ही पोहोचता तेव्हा गाडी चालू असते, एसी लावलेला असतो आणि विकणारा म्हणतो, "तुमच्यासाठीच थंड करून ठेवली." लोकांना हा पाहुणचार वाटतो. मला तिथेच शंका येते. चालू आणि गरम इंजिन निम्मे रोग झाकतं.

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याची गोष्ट सांगतो. आपण त्यांना नाना म्हणू. मुलाचं लग्न ठरलेलं, वरातीला मोठी गाडी हवी. दिल्लीत एक जर्मन एसयूव्ही पसंत केली, एअर सस्पेन्शनवाली. मला व्हिडिओ कॉलवर दाखवली. बोनेट उघडलं तर पंखा पूर्ण वेगात फिरत होता, म्हणजे गाडी बराच वेळ चालू होती. मी म्हटलं, "नाना, एक रात्र थांबा. गाडी बंद करून चावी तुमच्याकडे ठेवा आणि सकाळी परत बघा." नाना म्हणाले, "भाऊ, मुहूर्त निघून जाईल." आणि निघाले.

गाडी झकास पळाली. हायवेला अशा गाड्या पळतातच, त्यासाठीच बनवल्यात. इंदूरला मुक्काम केला. सकाळी डाव्या बाजूचं पुढचं चाक फेंडरमध्ये जरा आत गेल्यासारखं दिसलं. ड्रायव्हर म्हणाला, पार्किंगला उतार असेल. गाडी चालू केली, मिनिटाभरात ती वर आली आणि विषय संपला.

उतार नव्हता, गळती होती. या सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराच्या हवा भरलेल्या पिशव्या असतात. रबर जुनं झालं की त्याला बारीक चिरा पडतात आणि बंद गाडीतली हवा रात्रभर हळूहळू निघून जाते. चालू केल्यावर कॉम्प्रेसर परत हवा भरतो, त्यामुळे दिवसा काही कळत नाही. पण तो कॉम्प्रेसर अधूनमधून चालायला बनवलेला. सतत चालवला की तापतो, आणि आपल्याकडच्या उन्हात तर लवकरच तापतो. नानांचा जळाला. एका सकाळी गाडी टायरवर बसली ती उठलीच नाही. एका पिशवीचा खर्च झाला असता तिथे पिशवी, कॉम्प्रेसर आणि रिले असं तिन्ही लागलं. पुढच्या एका कोपऱ्याचा ओरिजिनल एअर स्ट्रट (पिशवीसकट शॉकअप) लाखाच्या घरात जातो.

गावातल्या मिस्त्रीने दोर लावून टोचन करायची तयारी केली होती. बरं झालं मला फोन आला. चारही चाकांना ताकद जाणारी ऑटोमॅटिक गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्सही जायचा. तिला फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी पुरती वर चढवून नेणारा ट्रकच लागतो. मग कुणीतरी सुचवलं, हवेच्या पिशव्या काढून साध्या स्प्रिंग टाका, पन्नास हजारांत काम. होतं ना काम. मग डॅशबोर्डवर लाल इशारा कायमचा बसतो, गाडी बैलगाडीसारखी आदळते आणि विकायला काढली की गिऱ्हाईक खाली वाकून बघतं आणि निघून जातं. असले जुगाड करायचे तर एवढी गाडी घ्यायचीच कशाला? वरातीला शेवटी मेव्हण्याची इनोव्हा सजवली.

माझी सवय अशी. खिशात शिंप्याची टेप असते. संध्याकाळी गाडी सपाट जागी बंद करायची आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांना मोजून लिहून ठेवायचं. सकाळी चालू करण्याआधी परत मोजायचं. चारही कोपरे सारखेच किंचित उतरले असतील तर एक वेळ चालेल. एकच कोपरा खाली बसला असेल तर भाव पाडायचा, नाहीतर नमस्कार करून निघायचं.

त्याच वेळी थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना ऐकायचं, रेडिओ आणि ब्लोअर बंद करून. २००७ ते २०११ च्या आसपासच्या बीएमडब्ल्यू ३२०डी, ५२०डी मध्ये एन४७ नावाचं डिझेल इंजिन आहे. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे बसवलेली. चेन सैल झाली की थंड असताना मागून खरखर येते. बदलायची तर साधारणपणे इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणजे मजुरीच केवढी झाली बघा. आणि तुटली तर इंजिनच जातं. त्याच काळातल्या ऑडीच्या १.८ आणि २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिनांत पिस्टन रिंगांमुळे ऑईल खाण्याची तक्रार प्रसिद्ध आहे. तिथे सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का ते बघा आणि मालकाला सहज विचारा, मधे किती ऑईल टॉप-अप करता. खरा मालक पटकन सांगून टाकतो.

सकाळ झाली की दुपारीही बघा. आखाजीच्या घाईवर मी वैतागतो, पण गाडी तपासायला एप्रिल-मेसारखा महिना नाही. भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर असताना दोन वाजता गाडी बाहेर काढा, एसी फुल लावा, अर्धा तास गर्दीत सरपटवा आणि मग उभी करून चालूच ठेवा. रेडिएटरचा पंखा, थर्मोस्टॅट, एसीचा कॉम्प्रेसर सगळे उघडे पडतात. या गाड्यांच्या कूलिंगमध्ये प्लॅस्टिक फार: कूलंटची टाकी, पाइपांचे जोड, थर्मोस्टॅटचं घर. दहा-बारा उन्हाळे खाल्लेलं प्लॅस्टिक बिस्किटासारखं मोडतं. टाकीच्या कडेला पांढरट-गुलाबी वाळलेला डाग दिसला तर कूलंट झिरपतोय.

पुढे कमी किलोमीटरचं वेड. "दहा वर्षांत फक्त अठ्ठावीस हजार!" एक तर मीटर फिरवलेलं असतं किंवा गाडी नुसती उभी असते, आणि दुसरा प्रकार काही फार चांगला नाही. उभ्या गाडीचे रबरी सील वाळतात, टायर कडक होतात, ब्रेक ऑईल पाणी ओढतं. डिझेल असेल तर आणखी एक भानगड. घर ते सराफ बाजार आणि परत एवढीच फिरलेली गाडी कधी पुरती तापत नाही, मग धुराच्या नळीतली डीपीएफ नावाची जाळी काजळीने तुंबते. ती काजळी जाळायला हायवेवर सलग काही वेळ धाव लागते. मला दहा वर्षांत नव्वद हजार झालेली, दरवर्षी वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी जास्त आवडते.

मीटर ताडायचं तर टायरवरचे चार आकडे वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. गाडी २०१८ ची, रनिंग वीस हजार सांगतात आणि टायर २०२३ चे? वीस हजारांत चारही टायर कुणी बदलत नाही. चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरला हिस्ट्री विचारा. मालकाच्या संमतीने बऱ्याचदा मिळते. बऱ्याच गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरशिवाय इतर मॉड्यूलमध्ये (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांत), काहींच्या तर चावीतही असते. चांगला स्कॅनर ते वाचतो.

स्कॅनरवरून आठवलं: हजार-दोन हजारांचा ब्लूटूथवाला चालत नाही. तो इंजिनापुरतं काहीतरी वाचतो. गिअरबॉक्स, एअरबॅग, सस्पेन्शन यांना त्या कंपनीचा स्कॅनर लागतो. आणि सगळं 'क्लीन' आलं म्हणून नाचू नका, विकणारे आदल्या दिवशी बिघाडाचे कोड पुसतात. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस' बघा. इंजिनाच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसल्या तर नुकतंच पुसलेलं किंवा बॅटरी काढलेली.

गिअरबॉक्सचं 'लाइफटाइम ऑईल'. हा माझा दुसरा आवडता वैताग. कंपनीच्या पुस्तकात लाइफटाइम लिहिलंय म्हणून पहिल्या मालकाने बदललं नाही, दुसऱ्यानेही नाही, आणि तिसरे तुम्ही. बीएमडब्ल्यू आणि इतर अनेकांना ८-स्पीड गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑईल बदलायला सांगते. ज्याने तो डबा बनवला त्याचं ऐकायचं की पाच वर्षांनी गाडी विकून मोकळं होणाऱ्याचं? या गिअरबॉक्सचा फिल्टर ऑईलच्या प्लॅस्टिक पॅनमध्येच असतो, म्हणून पॅनसकट बदलावं लागतं. महाग वाटतं खरं, पण गिअरबॉक्सच्या ओव्हरहॉलपुढे काहीच नाही. टेस्ट ड्राइव्हला गाडी हळूहळू थांबवत आणा. दुसऱ्यावरून पहिल्यात उतरताना धक्का बसला तर समजून घ्या.

इंजिन ऑईलही कोपऱ्यावरच्या दुकानातलं 'सगळ्या गाड्यांना चालतं' ते नको. डब्यावर तुमच्या गाडीचं स्पेसिफिकेशन असायलाच हवं. डीपीएफवाल्या डिझेलला कमी राखेचं ऑईल लागतं, नाहीतर ती जाळी आणखी लवकर जाते.

दिल्ली पासिंगच्या स्वस्ताईचं कारणही समजून घ्या. दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्या दिल्लीत चालवू नयेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये तो उचलून धरला. नंतर कोर्टात त्यावर चढउतार होत राहिले, पण स्वस्त गाड्यांचा बाजार तेव्हाच उभा राहिला. गाडी वाईटच असते असं नाही. पण एनओसी, इथल्या आरटीओचं नवं पासिंग आणि रोड टॅक्स हे धरूनच भाव करा. टॅक्स तुम्ही दिलेल्या चौदा लाखांवर लागत नाही. गाडीची मूळ किंमत आणि वय बघून लागतो. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर वर्षभरापेक्षा जास्त चालवता येत नाही, त्यामुळे "बघू नंतर" चालणार नाही. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा सहीचा फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर. एजंट म्हणतो, "होऊन जाईल साहेब." कोणत्या महिन्यात, ते त्याच्याकडून लिहून घ्या.

पुरातली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ धुऊनही राहते. सीटचे रूळ आणि स्टेपनीचा खड्डाही बघा. काही जर्मन गाड्यांत कंट्रोल युनिट पायाखालच्या गालिच्याखाली असतात, एकदा भिजलेली ती सहा महिन्यांनीही दगा देतात.

रनफ्लॅट टायरच्या गाडीला बहुधा स्टेपनी नसते. पंक्चर झालं तर ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. शहाद्यावरून रात्री निघताना हा हिशेब डोक्यात ठेवा.

बॅटरी बदलली असेल तर ती गाडीच्या कॉम्प्युटरला सांगितली आहे का, हेही विचारा. बीएमडब्ल्यूत ती नोंद केली नाही तर चार्जिंग चुकीचं होत राहतं.

आणि घरापासून सर्व्हिस सेंटर किती लांब ते आधी बघा. नाशिक, संभाजीनगर, सुरत की इंदूर, ते ब्रँडवर आहे. फ्लॅटबेडवाल्याला आत्ताच भाडं विचारून ठेवा.

शेवटी चावी. दोन्ही चाव्या मागा. "दुसरी घरी राहिली, कुरियर करतो" असं हमखास सांगतात आणि ती कधीच येत नाही. या गाड्यांची नवी चावी कंपनीकडून कोडिंग करून घ्यावी लागते आणि साध्या गाडीच्या चावीपेक्षा कितीतरी महाग पडते. दुसरी हातात पडेपर्यंत तेवढे पैसे अडकवून ठेवा.